रविवारच्या बसआधी

प्रिय बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री वाचला. रविवारी मदुरैची बस, तंजावरात हातात तीन दिवस आणि खाली ही भली मोठी यादी: कुंभकोणम, दारासुरम, गंगैकोंडचोळपुरम, कल्लणै, जमलं तर नागपट्टणम. वर ‘सर, काही राहिलंय का?’ असंही विचारलंयस. राहिलं काहीच नाही. उलट ही यादी फाडून टाक, हेच सांगायला बसलोय.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. मोडी कागदांसाठी तंजावरला महिनाभर राहिलो होतो, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी मलाही असाच झटका आला. पहाटेच्या बसने कुंभकोणम, तिथून दारासुरम, मग गंगैकोंडचोळपुरम, रात्री परत. त्या दिवसातलं आज आठवतं ते एवढंच: बसच्या खिडकीची गंजलेली दांडी आणि टाचेला आलेला फोड. दारासुरमला रथासारखा मंडप आहे, दगडी चाकं, दगडी घोडे. चाक मी पाहिलं होतं. घोडेही आहेत हे पुढे कुणाच्या तरी फोटोत कळलं! त्या धावपळीत इस्त्रीवाल्याकडे दोन शर्ट राहिले आणि मेसमध्ये चौदा रुपयांची उधारी. तिरुच्चीला गाडी बदलताना आठवलं. घरी येऊन मनीऑर्डर केली, ती ‘पत्ता अपुरा’ असा शेरा घेऊन परत आली. त्या मेसला पत्ता नव्हताच, नुसता वास होता. ते चौदा रुपये अजून माझ्या अंगावर आहेत.

तेव्हा पहिलं काम म्हणजे शुक्रवारी सकाळी कपडे धुवायला टाक आणि जिथे जिथे पैसे द्यायचेत तिथे देऊन ये. कॉफीवाला, फुलवाली, ज्यांच्या घरी खोली घेतलीस त्या बाई. रविवारी सुट्टे नसतात, आणि निघताना कुणाच्याच डोक्यात हिशेब नसतो.

मग पेरिय कोविलला, म्हणजे बृहदीश्वराच्या मोठ्या देवळात, पुन्हा जा. दोनदा जाऊन आलीस हे माहीत आहे. पहिल्यांदा गेलीस ती उंचीला बघायला, दुसऱ्यांदा फोटोला. आता नुसती बसायला जा. दुपारी बारानंतर जाऊ नकोस. एक तर गाभारा बंद असतो, आणि फरशी अशी तापते की अनवाणी माणूस बेडकासारखा उड्या मारत सावली शोधतो. साडेचारच्या सुमारास जा, नंदीजवळ बस आणि शिखराची सावली बघ. या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही असं तुला गाइडने नक्की सांगितलं असेल. साठ मीटरच्या वरचा दगड आहे तो, सावली न पडायला काय झालं? मंदिर पूर्वाभिमुख, त्यामुळे ऊन कललं की ती सावली अंगणातून सरकत नंदीच्या दिशेने येते. तिच्या कडेला मुलं खेळत असतात, बायका डबे उघडून बसलेल्या असतात. दगडाचा रंग आधी मधासारखा होतो, मग तांब्यासारखा. त्या वेळात मध्ये प्रदोष आला तर गर्दीला घाबरू नकोस. नंदीला दुधाचा अभिषेक चालू असताना आपण त्या गर्दीतलेच एक असतो.

तिथे एक काम देतो, एकच. जोत्यावरचे तमिळ लेख तू पाहिलेस. चोळ राजा राजराजाने 1010 च्या सुमारास देऊळ पूर्ण केलं आणि नाचणाऱ्या चारशे बायकांची नावं कोरून ठेवली, कोण कुठल्या ओळीत कितव्या घरात राहते त्यासकट. पण नैर्ऋत्येच्या बाजूला, प्राकाराच्या भिंतीवर, आपल्या भाषेतला लेख आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसल्यांचा सगळा वंशवृत्तांत कोरून घेतला, देवनागरीत. लोक त्याचा फोटो काढतात, ‘जगातला सगळ्यात लांब’ वगैरे म्हणतात आणि पुढे जातात. तू दहाच ओळी वाच. बोट न लावता, अक्षरामागून अक्षर. आधी काहीच कळणार नाही, कारण शब्द तोडलेले नाहीत आणि ऊन तिरपं असल्याशिवाय खोदकाम उठून दिसत नाही. मग एखादं ‘राजे’ सापडेल, एखादं क्रियापद ओळखीचं निघेल. सातशे-आठशे वर्षांच्या चोळांच्या देवळात एका मराठी राजाला आपल्या घराण्याची हकिकत भिंतीवर घालावीशी वाटली, यात अभिमान किती आणि धास्ती किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. 1798 ला तो गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. चार वर्षांनी त्याने हा लेख कोरवला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचलं की अक्षरं वेगळी दिसतात. तू काय ठरवतेस ते मला कळव.

आणि त्या आजी. ज्यांच्याकडे तू मागच्या आठवड्यात गेलीस आणि दोन तास त्यांची तंजावरी मराठी रेकॉर्ड करून आणलीस. त्यांच्याकडे परत जा, पण फोन पिशवीत ठेवून. पहिल्या भेटीत तू प्रश्न विचारलेस. त्यांनी उत्तरं दिली, म्हणजे पाहुण्याला द्यावीत तशी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे 1675 च्या आगेमागे तिकडे गेले, त्यांच्या बरोबरीने आणि नंतर गेलेल्या माणसांची ही भाषा. घरात राहिली, दारातून तमिळ आत येत गेली. ती कशी जगली हे मुलाखतीत सापडत नाही. भाजी निवडायला घे. नातवावर ओरडताना त्या काय म्हणतात ते कानावर पडू दे. सांबाराचा विषय निघाला तर संभाजीराजांच्या नावावरून सांबार पडलं ही गोष्टही ऐकायला मिळेल. गोष्ट म्हणून ऐक, इतिहास म्हणून वहीत उतरवू नकोस. मी तर ती सांबाराच्या दुसऱ्या वाटीबरोबरच ऐकतो.

राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय झालंय ना तुझं? मग पुन्हा नको. तिरुवैयारूला मात्र शनिवारी जाऊन ये. तेरा किलोमीटर, जुन्या स्टँडवरून बस मिळते, तिला मी सहल मानत नाही. कर्नाटक संगीताचे रचनाकार त्यागराज यांच्या समाधीपाशी जा, मग कावेरीच्या पायऱ्यांवर पाय सोडून बस. पाणी असेल तर उत्तम, नसेल तर वाळू बघ. आराधनेच्या, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीच्या दिवसांत तिथे शेकडो गायक एका सुरात त्यांच्या पंचरत्न कृती गातात. इतर दिवशी कावळे असतात. मला कावळ्यांचे दिवस आवडतात.

डुलणारी बाहुली घ्यायची असेल तर रविवारीच घे. तीन दिवस खोलीत राहिली तर तू पाच वेळा टिचकी मारशील, दोनदा पाडशील. डोकं वेगळं, धड वेगळं, घागरा वेगळा, असे भाग एकावर एक तोललेले असतात. दुकानदाराकडून ते सुटे करून वर्तमानपत्रात बांधून घे. बस लक्षात ठेव, मदुरैची गाडी नव्या स्टँडवरून सुटते आणि तो गावाबाहेर आहे. जुन्या स्टँडवर सामान घेऊन घाम गाळणारे मराठी प्रवासी मी पाहिलेत. त्यात एकदा मी होतो.

उरलेला वेळ झोप. खरंच. दुपारी पंख्याखाली, दार लावून. पुढे रामेश्वर आहे, कन्याकुमारी आहे. तिथे तू ताजी पोचायला हवीस. नवीन गावात दमलेल्या माणसाला सगळे रिक्षावाले लुच्चे वाटतात.

निघताना कॉफीवाल्याला सांगायला विसरू नकोस. आपल्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हटलं की आजी ओरडते, ‘येते म्हण’. तिकडेही तसंच. ‘पोयिट्टु वरेन’ म्हणायचं, जाऊन येते. तो बहुतेक मान हलवेल आणि पुढच्या गिऱ्हाइकाची कॉफी टंबलर-डबऱ्यात, म्हणजे पेल्यातून वाटीत, वरखाली ओतत राहील.

माझ्यासाठी काही आणू नकोस. डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. तिरुवैयारूचा अशोका हलवा मुगाच्या डाळीचा असतो, म्हणजे तसा तो डाळीतच मोडतो. पाव किलो पुरे. काकूला कळवू नकोस.

तुझा,
सर

ता. क. मेस सापडलीच, तर चौदा रुपये देऊन टाक.