धर्म आणि वंशावरून पडलेल्या फुटीमुळे राजकारण अस्थिर कसं होतं?

नुसते वेगळे धर्म शेजारी नांदतात म्हणून सरकारं डळमळत नाहीत. तसं असतं तर मुंबई एक दिवस चालली नसती. माझ्या मते खरी गोम मतांच्या हिशेबात आहे.

जानेवारी १९९३ मध्ये, मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल चालू असताना, मी जोगेश्वरीत नववीत शिकत होतो. आमच्या मजल्यावर एकच मुसलमान कुटुंब. एका संध्याकाळी चाचांनी दारावरची नावाची पाटी उतरवली, स्टूल माझ्या आईने धरलं होतं. रात्री आमच्या गच्चीवर काठ्या घेऊन पहारा, पलीकडच्या वस्तीतही तसाच. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या भीतीने जागी. पोलीस वेळेत येतील असा भरवसा कुणालाच नव्हता, म्हणून गल्लीतला दादा त्या दिवसांत पुढारी झाला. डिसेंबर आणि जानेवारी मिळून शहरात सुमारे ९०० माणसं मारली गेली. मार्चमध्ये मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक जाऊन शरद पवार आले आणि आठवडाभरात, १२ मार्चला, बॉम्बस्फोटांत २५७ जण मेले. दंगलीच्या चौकशीचा श्रीकृष्ण आयोगसुद्धा जानेवारी १९९६ मध्ये शिवसेना-भाजपच्या नव्या सरकारने गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा नेमावा लागला.

चाचा पुढे मुंब्र्याला गेले. त्यांच्यासारखी कितीतरी कुटुंबं गेली. वस्त्या धर्मावरून अशा वेगळ्या झाल्या की उमेदवाराला दुसऱ्या समाजाच्या दारात जायची गरजच उरत नाही. मग आपल्याच लोकांत जास्त कडवा कोण, एवढीच चढाओढ राहते, आणि जो तडजोडीचं बोलेल तो गद्दार ठरतो.

श्रीलंकेत हेच देशाच्या पातळीवर झालं. १९५६ साली बंदरनायके ‘फक्त सिंहली’, म्हणजे बहुसंख्याकांची सिंहली हीच राजभाषा, या घोषणेवर निवडून येऊन पंतप्रधान झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला, पण विरोधी पक्ष आणि भिक्खूंच्या दबावाखाली १९५८ मध्ये तो मोडला. १९५९ मध्ये एका बौद्ध भिक्खूनेच त्यांना गोळ्या घातल्या. १९८३ च्या जुलैतल्या तमिळविरोधी हिंसाचारानंतर पेटलेलं युद्ध २००९ पर्यंत चाललं.

उलट उदाहरण घराजवळचंच आहे. १९७० आणि १९८४ मध्ये भिवंडी पेटली होती. नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं पोलिसांसोबत नियमित बसत, अफवा आली की एकमेकांना विचारत. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मुंबईत तशा समित्या दंगलीनंतर, १९९४ मध्ये सुरू झाल्या. चाचांचं घर तोवर रिकामं झालं होतं.