वडील बिडी सोडतायत. घरच्यांनी नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलंय की वडील साठीला आलेत, इतक्या वर्षांची बिडी पुढच्या सोमवारपासून बंद करणार म्हणतात, तर एकदम सोडावी की हळूहळू, आणि आई दिवसभर बोलत राहते तिला कसं थांबवावं. इच्छाशक्ती असली की सगळं होतं, असं तुम्हाला बरेच जण सांगतील. माझे काकाही सांगतात. म्हणून लिहायला बसले.

आम्ही सोलापूरचे. अण्णा टॉवेलच्या कारखान्यात मागावर आणि आई बिडी कामगार. म्हणजे ज्या घरातून बिडी जायची होती त्याच घरात रोज हजार बिड्या वळल्या जात होत्या. भिजवलेली तेंदूची पानं, पत्र्याचं माप लावून ती कापायची, मांडीवर सूप, सुपात जर्दा, आणि शेवटी पंचवीस-पंचवीसचे कट्टे. वळताना बिघडलेल्या, कारखान्यात छाटीत जातील अशा बिड्या आई बाजूला ठेवायची. त्या अण्णांच्या. पाकिटावरची ती भयंकर चित्रं विकत घेणाऱ्यांसाठी, आमच्याकडे बिडी बिनाचित्राची आणि फुकट होती. 'पानाची असते, सिगारेटपेक्षा सौम्य' हे तर आमच्या गल्लीत सगळेच म्हणायचे. सौम्य कसली! फिल्टर नाही, आणि विझू नये म्हणून सारखी ओढत राहावी लागते.

जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं. आकडा बघून अण्णाच म्हणाले, बंद. ते घरी कळल्यावर काका आले आणि सगळ्यांसमोर आईला म्हणाले, "वहिनी, घरात विषाचं सूप मांडून बसता आणि नवऱ्याने सोडावी म्हणता?"

आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने सूप, कात्री, पानांचं ओलं फडकं उचललं आणि शेजारच्या मावशींच्या ओट्यावर जाऊन बसली. एप्रिलमधलं सोलापूर, वर पत्रा. संध्याकाळी हातपाय धुऊन, लुगडं बदलून मगच अण्णांच्या जवळ यायची, कारण जर्द्याचा वास कपड्यात बसतो आणि त्या वासानेच माणूस कासावीस होतो. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. उन्हाळा संपेपर्यंत ती तिथेच बसली आणि मजुरी एक दिवस बुडवली नाही. काकांच्या आयटीआयची फी याच मजुरीतून गेली होती, हे त्यांना त्या दिवशी आठवलं नसावं.

अण्णांची बिडी सुटली याचं श्रेय काका आजही लग्नाकार्यात घेतात. 'मी चारचौघांत बोललो म्हणून सुटली.' माझं मत विचाराल तर त्या बोलण्याने अण्णा त्याच रात्री टपरीवर गेले असते. अपमान झालेला माणूस पहिली गोष्ट बिडीच शोधतो.

आता तुमच्या कामाचं. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, झोप नाही, डोकं जड. अण्णांनी भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं होतं. आईने ते उचलून ठेवलं आणि नंतर त्याचा उल्लेख कधी केला नाही. हे 'नंतर उल्लेख नाही' फार अवघड असतं, जमवा. तलफ उठते ती काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यापुरतं त्यांना कशात तरी गुंतवा. सकाळी पोट साफ होणार नाही, कारण इतकी वर्षं आधी बिडी आणि मग संडास असा क्रम असतो. लाजून कुणी हे सांगत नाही आणि तेवढ्यासाठी परत ओढायला लागतात. रात्री इसबगोल द्या. खोकला सुरुवातीला वाढू शकतो, त्याने 'सोडली म्हणून आजारी पडलो' असं वाटतं, तसं नसतं. आणि चहा निम्मा करा. धूर बंद झाला की चहा-कॉफीतलं कॅफिन शरीरात जास्त वेळ टिकतं, तेवढ्याच चहाने हात थरथरतात आणि झोप उडते.

निकोटीनचं च्युइंगम आणलं तेव्हा काका हसले होते. 2 मिलिग्रॅमचं दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल तर 4 चं लागू शकतं, ते डॉक्टरांकडून घ्या. पण ते लहान पोरांसारखं सतत चघळायचं नाही. थोडं चावायचं, जीभ चुरचुरली की गालात धरून ठेवायचं, चुरचुर गेली की परत चावायचं. त्याआधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा नाही. भराभर चावलं की उचकी आणि मळमळ, मग लोक म्हणतात औषध लागू पडलं नाही.

एकदम की हळूहळू? दिवस ठरलाय ना, मग एकदम. हळूहळूमध्ये प्रत्येक बिडीचा हिशोब होतो आणि हिशोबावरून भांडण.

आईला थांबवू नका. इतकी वर्षं त्या धुरात तीही बसली आहे, तिला बोलायचा हक्क आहे. फक्त पहिला महिना तिचं बोलणं तुम्ही ऐका, वडिलांच्या कानावर जाऊ देऊ नका. आणि शपथा घालू नका, नातवाच्या डोक्यावर हात ठेवायला लावणं तर नकोच. एखादी ओढली गेली की शपथ मोडलेला माणूस लपवायला लागतो. अण्णा एकदा रात्रपाळीहून वास घेऊन आले. आईने भाकरी वाढली. सकाळी त्यांनी स्वतःच सांगितलं आणि बिडी न ओढणं पुढे चालू ठेवलं. त्याला आता चार-पाच वर्षं झाली.

एक राहिलं, खरं तर हे आधी लिहायला हवं. दम्यासाठी थिओफिलीनची गोळी चालू असेल, किंवा हृदयाचा त्रास, रक्त पातळ करण्याचं किंवा मानसिक आजाराचं औषध असेल, तर सोमवारच्या आधी डॉक्टरांना सांगा. बिडी सुटल्यावर यातल्या काही औषधांचा डोस बदलावा लागतो. आणि बिडीच्या जागी तंबाखू-चुना येऊ देऊ नका. आपल्याकडे हे हमखास होतं, घरच्यांना वाटतं धूर गेला, सुटली.

सरकारी हेल्पलाइन 1800-11-2356, टोल-फ्री. घरच्यांनी फोन केला तरी चालतो. तंबाखू मळणाऱ्यांनाही तिथे मदत करतात, हे मी काकांना दोनदा सांगितलंय. इच्छाशक्तीवरचं त्यांचं भाषण सुरू असतं तेव्हा चुन्याची डबी हातातच असते.