प्लँचेटवर खरेच आत्मा येतो का, आणि लोकांना त्याची एवढी ओढ का?

आत्मा येत नाही. अक्षरांवर पालथी ठेवलेली वाटी भोवती बसलेल्यांची बोटेच सरकवतात. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सविल येथे फॉक्स भगिनींच्या घरातील ठकठक ऐकून परलोकाशी बोलण्याची लाट उसळली. १८९० मध्ये बाल्टिमोरच्या केनार्ड नॉव्हेल्टी कंपनीने ‘उईजा’ हा अक्षरांचा फळा विक्रीस आणला आणि १८९१ मध्ये एलायजा बाँड यांच्या नावे त्याचे पेटंट निघाले. ज्याला आपण गूढ विद्या मानतो, तो असा दुकानात विकला जाणारा खेळ आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात असा फळा कधी आला नाही. कॅरमबोर्डावर खडूने अक्षरे काढून स्टीलची वाटी पालथी घालत. आमचे आजोबा आबाजी वारल्यावर विहिरीलगतचे ओलिताचे वावर कोणाच्या वाट्याला जावे यावरून बोलणी अडली, तेव्हा मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, ढाळजेत अशी बैठक घातली. आजीने पदर डोळ्यांना लावून पहिला प्रश्न विचारला, “तिथं पानी भेटते का तुमाले?” लोकांना ओढ का वाटते याचे उत्तर माझ्या लेखी त्या प्रश्नात आहे. पुढे वावराचे विचारताच वाटी मोठेबाबांच्या मुलाच्या नावाची अक्षरे जुळवू लागली.

भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, कधी न बोलणारी माझी आई त्या वेळी दाराआडून म्हणाली, “डोयाले दुपट्टे बांधा आन् बोर्ड फिरवा.” तसे केल्यावर वाटी अक्षरे आधी जिथे होती तिकडेच धावत राहिली आणि एकही शब्द जुळला नाही. अविश्वासामुळे आत्मा कोपला, असे मोठेबाबांनी जाहीर केले. आईने आबाजींचा अपमान केला, हे आमच्या घराण्यात आजही बोलले जाते. कागद दोनदा वाचल्याशिवाय तलाठ्यापुढे सही न करणारा माणूस पालथ्या वाटीतून वाटणी सांगेल, असे मानण्यातच त्यांचा खरा अपमान आहे.

मोठेबाबा लबाडी करत होते, असे मात्र मी म्हणत नाही. मनात असते तिकडे हात नकळत रेटला जातो. आत्म्यांच्या बैठकीत टेबल फिरवणाऱ्यांच्या बाबतीत शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८५३ मध्येच हे प्रयोगाने दाखवले होते. दुःखातला माणूस वाटीपुढे बसला तर त्याची टिंगलही करू नये. जमिनीचा प्रश्न निघाला, की मात्र वाटी उचलून ठेवावी आणि सातबारा समोर घ्यावा. आईचे चुकले असे ज्या नातेवाइकांना अजूनही वाटते, त्यांनी डोळे बांधून, बोर्ड फिरवून एकदा तरी आबाजींचे नाव जुळवून दाखवावे.