पीसीची किंमत एक लाख चाळीस हजार, आणि सॉफ्टवेअरची?

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय २६, वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी, हातात येणारा पगार ३४,००० रुपये. घरी आई-बाबा आणि फर्मागुडीला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली बहीण. बाबांचं बाजारात छोटं दुकान आहे. पत्रलेखकाला चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) ऑफरमध्ये १,४०,००० रुपयांचा गेमिंग पीसी घ्यायचा आहे, २४ महिन्यांच्या हप्त्यांवर, १६ टक्के व्याजाने. चुलतभाऊ लग्नाचं शूटिंग करतो, तो एडिटिंगची कामं देणार आहे, त्यामुळे ‘पीसी वर्षभरात स्वतःचे पैसे स्वतः फेडेल’ असा हिशेब आहे. बाबांचा साफ विरोध आहे. त्यांच्या मते गेम म्हणजे जुगारच. बहिणीलाही संगणक हवा आहे. प्रश्न एवढाच: घेऊ की नको?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सगळं जुळल्यासारखं वाटलं. घरी १२,००० देता, बाइकचा हप्ता ४,२००, एसआयपी ३,०००, पेट्रोल-जेवण-फोन ६,०००. म्हणजे ८,८०० उरतात आणि पीसीचा हप्ता बसतो साधारण ६,८५५. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्याशी थांबलो. ‘दोन वर्षांत बँकेत ९०,००० जमवले आहेत,’ असं तुम्ही लिहिलंय. दोन वर्षांत ९०,००० म्हणजे महिन्याला ३,७५०. कागदावर ८,८०० उरतात, खात्यात ३,७५० पोचतात. मधले पाच हजार कुठे जातात ते पत्रात नाही, आणि बहुतेक तुम्हालाही सांगता येणार नाही. यात तुमची काही चूक नाही. चहा, मित्रांबरोबरचा रविवार, आईचं औषध, बहिणीची झेरॉक्स, असे ते जातात. पण ६,८५५चा हप्ता तुम्हाला त्या ३,७५०मधून भरायचा आहे, ८,८००मधून नव्हे. तो तिथे बसत नाही.

हप्त्याचा पूर्ण हिशेबही समोर ठेवतो. २४ महिन्यांत तुम्ही साधारण १,६४,५०० भराल, म्हणजे २४,५०० नुसतं व्याज. आयकराच्या नियमांत संगणकाचा घसारा, म्हणजे किमतीतली घट, वर्षाला ४० टक्के धरतात. त्या हिशेबाने १,४०,०००ची वस्तू पहिल्या वर्षाअखेर ८४,०००ची आणि दुसऱ्या वर्षाअखेर ५०,४००ची राहते. शेवटचा हप्ता भराल त्या दिवशी पुस्तकी किंमत एवढीच उरलेली असेल.

दुकानदाराने कार्डावर ‘नो कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी, हप्ते सुचवलेत, पण रोख घेतल्यास १,३३,०००ला देतो म्हणाला. मग ते सात हजार म्हणजेच व्याज झालं, फक्त किमतीत मिसळलेलं. वर प्रोसेसिंग फी लागते आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटीही. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं.

आता त्या गोष्टीकडे येतो, जी तुम्ही पत्राच्या तळाशी एका ओळीत उरकली आहे. एडिटिंग सॉफ्टवेअर, गेमचं मासिक सदस्यत्व, क्लाउडवरची (फाइली इंटरनेटवर साठवायची) जागा, ऑफिस सॉफ्टवेअर, असं सगळं मिळून ‘महिन्याला ३,१०० वगैरे’. त्या ‘वगैरे’वर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. ३,१०० गुणिले १२ म्हणजे ३७,२००. चांगला पीसी चार वर्षं सहज चालतो. चार वर्षांचे होतात १,४८,८००. यंत्रापेक्षा त्यावर चालणारं सॉफ्टवेअर महाग! आणि यंत्र निदान तुमच्या टेबलावर राहतं. सदस्यत्व थांबवलं की दुसऱ्या दिवशी हातात काही नसतं.

पूर्वी असं नव्हतं. सॉफ्टवेअरची सीडी एकदा घेतली की जुनी होईपर्यंत ती आपली. अडोबीने २०१३मध्ये मासिक भाड्याचा रस्ता धरला आणि हळूहळू बाकीचे त्याच रस्त्याने गेले. कंपनीच्या दृष्टीने ते सोयीचं आहे. ज्याला रोज त्यावर काम करून पैसे मिळतात, त्यालाही परवडतं. पण ज्याचं पहिलं काम अजून आलेलंच नाही, त्याने भाडं कशासाठी सुरू करायचं? दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती लग्नाच्या व्हिडिओला पुरून उरते. तिच्यात व्हिडिओचे रंग सुधारायची सोय तर नावाजलेली आहे. पुढे गरज पडलीच तर तिची स्टुडिओ आवृत्ती एकरकमी विकत मिळते, महिन्याचं भाडं नाही. पत्रं आणि हिशेबाला लिब्रेऑफिस मोफत आहे. बहिणीला आराखडे काढायला ऑटोकॅड लागतं, ते विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क ही त्याची कंपनी शिक्षणासाठी फुकट देते. कॉलेजात शिकत असल्याचा पुरावा द्यावा लागतो, इतकंच. त्या ३,१००पैकी माझ्या मते क्लाउडची जागा तेवढी ठेवा, कारण गिऱ्हाइकाच्या लग्नाची फुटेज एकाच डिस्कवर ठेवणं मला मान्य नाही.

दुकानदार ८०० रुपयांत ‘सगळं टाकून देतो’ म्हणाला, तेही तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत. ते घेऊ नका. बार्देशातला माझा एक अशील, लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारा, अशाच क्रॅक केलेल्या, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेल्या, सॉफ्टवेअरवर काम करायचा. एका सकाळी सगळ्या फाइलींची नावं बदललेली, एकही उघडेना, आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. त्यात एका लग्नाचं संपूर्ण चित्रीकरण होतं. त्याने घेतलेले पैसे परत केले, पण त्या मुलीच्या आईसमोर उभं राहणं त्याला जास्त जड गेलं. माझ्यासमोर बसून ते सांगताना तो खुर्चीचा हात घट्ट धरून होता.

गेमचं म्हणाल तर तिथे पैसे वाचवायला वाव आहे, फक्त धीर हवा. नवा मोठा गेम पहिल्या दिवशी घ्यायला गेलात तर तीन हजारांपासून पाच-सहा हजारांपर्यंत जातात. तोच गेम वर्षा-दीड वर्षाने स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या उन्हाळी किंवा हिवाळी सेलमध्ये बऱ्याचदा निम्म्यावर आलेला असतो. तिथे घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. हे माहीत नसल्याने कित्येक मुलं न आवडलेला गेम तसाच ठेवून देतात. एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात दर आठवड्याला काहीतरी मोफत मिळतं. आणि एक ध्यानात ठेवा: अशा दुकानांत आपण गेम विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेतो. तो मित्राला विकता येत नाही. म्हणून गेमवरचा खर्च हा सिनेमाच्या तिकिटासारखा, झाला की झाला, असाच धरा.

जीटीए सिक्स या येणाऱ्या गेमसाठी घाई आहे, असं लिहिलंय. आत्तापर्यंत जाहीर झालेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे, पण ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या सिरीज यंत्रांसाठी. पीसीचा त्यात उल्लेख नाही. जीटीए फाइव्ह सप्टेंबर २०१३मध्ये आला आणि पीसीवर यायला एप्रिल २०१५ उजाडलं, म्हणजे १९ महिने. त्या गेमसाठी चवथीलाच पीसी घरात हवा, हे कारण टिकत नाही.

बाबांशी बोलताना एक फरक शांतपणे समजावून सांगा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५च्या कायद्याने बंदी आली आहे. तुम्ही खेळता ते त्यात मोडत नाही, ई-स्पोर्ट्सला (स्पर्धा म्हणून खेळायच्या गेमना) तर त्याच कायद्याने वेगळी ओळख दिली आहे. तरीही त्यांची भीती अगदीच निराधार समजू नका. गेमच्या आत स्किन (पात्रांचे वेश) आणि बॅटल पास (जादा बक्षिसांचं तिकीट) विकतात, तिथे शंभर-दोनशे करत महिन्याचे दोन हजार जातात. ते मधले पाच हजार शोधायला बसाल तेव्हा यूपीआयच्या यादीत तिथूनच सुरुवात करा.

एडिटिंगच्या कमाईबद्दल मला स्पष्ट बोलायला हवं. हा पीसी तुम्हाला खेळायला हवा आहे. त्यात काही गैर नाही. दिवसभर राबणाऱ्या २६ वर्षांच्या माणसाला स्वतःच्या पैशांतून हौस करायचा पूर्ण हक्क आहे आणि मी त्याच्या आड येणार नाही. पण हौसेला गुंतवणूक म्हटलं की आपण तिच्यावर झेपेल त्याहून जास्त खर्च करतो, कारण ‘पैसे परत येणारच आहेत’. चुलतभावाकडे आधीच यंत्र आहे. रविवारी त्याच्याकडे बसून दोन-तीन लग्नं एडिट करा. पैसे ठरल्याप्रमाणे आणि वेळेवर मिळतात का बघा. तीन कामांचे पैसे खात्यात आल्यावर मग मी ती कमाई हिशेबात धरीन, त्याआधी नाही.

मग माझं उत्तर काय? घ्या, पण ७८,०००चा घ्या, दिवाळीला घ्या, आणि रोख घ्या.

हा आकडा असा निघाला. ९०,०००पैकी ६०,०००ना हात लावायचा नाही. ती अडीअडचणीची रक्कम आहे. आजारपणासाठी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड तुमच्या घरी असेलच. चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला त्यात वर्षाला ४ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात. नूतनीकरण झालंय का तेवढं बघा. पण बाबांचं दुकान महिनाभर बंद राहिलं तर कार्ड उपयोगी नाही, तिथे हे ६०,०००च लागतात. राहिले ३०,०००. आता एप्रिल ते ऑक्टोबर असे सात महिने पीसीचा हप्ता स्वतःलाच भरा: ६,८५५ची आरडी, म्हणजे बँकेतली आवर्ती ठेव. सात महिन्यांचे जवळजवळ ४८,००० होतात. दोन्ही मिळून ७८,०००, वर थोडं व्याज. आरडी न चुकवता भरली तर तुमचा अंदाज खरा होता, आणि मी आनंदाने मान्य करीन. तिसऱ्या महिन्यात ओढाताण झाली तर तीच ओढाताण फायनान्स कंपनीच्या हप्त्यावर झाली असती, दंडासकट.

थांबल्याने पीसी स्वस्त होईल, असं मात्र मी म्हणत नाही. एरवी संगणकाच्या बाबतीत ते खरं असतं. पण २०२५च्या अखेरीपासून रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या मेमरीच्या, किमती भडकल्या आहेत, कारण मेमरी बनवणाऱ्यांनी माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळवला. मायक्रॉन या मेमरी कंपनीने तर डिसेंबर २०२५मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. तेव्हा ७८,०००त बसवायला दुकानदाराने दिलेल्या कोटेशनमध्ये कात्री लावावी लागेल. ग्राफिक्स कार्ड एकटंच ५८,००० खातंय. एक पायरी खालचं घ्या, फुल एचडी मॉनिटरवर फरक फारसा जाणवणार नाही. रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आणि लिक्विड कूलर काढून टाका. रॅम ३२ऐवजी १६ जीबी, पण एक स्लॉट मोकळा ठेवून. एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणाऱ्या भागात) मात्र पैसे वाचवू नका, आणि यूपीएस त्याच बजेटमध्ये धरा.

यूपीएसचा आग्रह का, तर आपला पावसाळा. गेल्या जुलैत म्हापशात एका दुरुस्तीवाल्याकडे बसलो होतो. समोर उघडलेला पीसी होता, पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवलेला. मदरबोर्डच्या स्क्रूभोवती हिरवट थर, पंख्यात पालीची दोन अंडी. त्याने रॅमची पट्टी काढली आणि शाळेतल्या पोराच्या खोडरबराने तिची सोनेरी कडा सावकाश घासली. रबरावर काळी रेघ उमटली, पट्टी परत बसवली, पीसी चालू झाला. त्या माणसाचं नशीब. शेजारचा पीसी विजेच्या लोळाने गेला होता, त्याला खोडरबर पुरला नाही. म्हणून पाऊस सरल्यावर दिवाळीला घ्या, आणि त्याआधी घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत प्लगच्या सॉकेटला भोकं तीन असतात, पण तिसऱ्याला मागे तार नसते.

बहिणीसाठी वेगळा लॅपटॉप तूर्त नको. घरातला २०१७चा लॅपटॉप दुकानदार भंगारात काढायला सांगतो, कारण विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि तो प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाही. दोन्ही खरं आहे. पण त्यात एसएसडी (वेगवान डिस्क) बसवून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली तर कॉलेजच्या नोट्स, ब्राउझर, प्रोजेक्टचं लिखाण एवढ्याला तो आणखी दोन-तीन वर्षं चालेल. ऑटोकॅड त्यावर चालणार नाही. ते घरच्या नव्या पीसीवर करायचं. म्हणजे पीसी दोघांचा. सबमिशनच्या आठवड्यात संध्याकाळ तिची, हे आत्ताच ठरवून टाका आणि बाबांच्या कानावर घाला. त्यांचा विरोध निम्मा तिथेच मावळेल असं मला वाटतं.

घेताना पक्कं बिल घ्या, प्रत्येक भागाचा सीरियल नंबर त्यावर लिहून. वॉरंटी वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी असते आणि मागायची वेळ आली की तोच कागद लागतो. पगार ७ तारखेला होतो म्हणालात, तर आरडी ८ तारखेची ठेवा.