फाइल समोर आहे, तरी बोर्ड म्हणतो ‘नाही’

प्रश्न : द्राक्षांच्या शीतगृहांतील तापमानाची नोंद ठेवणारे यंत्र आम्ही सातपूरला बनवतो. त्यात ३२ बिटांचा आर्म प्रोसेसर आणि लिनक्स आहे. प्रोग्रॅम उबुंटू २२.०४ असलेल्या संगणकावर क्रॉस-कंपाइल करून (म्हणजे बोर्डाच्या प्रोसेसरसाठी संगणकावर बांधून) बोर्डावर नेला, तर तो ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे सांगतो. फाइल तर डोळ्यांना दिसते आणि परवानग्याही बरोबर आहेत. एका परिचितांच्या सल्ल्यावरून पुरवठादाराची इमेज (बोर्डावर टाकायची तयार प्रणाली) काढून डेबियन ११ टाकले. तो संदेश गेला, पण आता ‘जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’ असा दुसरा येतो. जुन्या इमेजमधील ‘लिब’ फोल्डरची यादी सोबत पाठवत आहे.
— एक वाचक, सातपूर

उत्तर : पहिला संदेश खोटा नाही, फक्त कोणती फाइल सापडत नाही हे तो सांगत नाही. आपला प्रोग्रॅम डायनॅमिक पद्धतीने लिंक झालेला (म्हणजे लायब्रऱ्या सुरू होताना जोडून घेणारा) असल्यामुळे लिनक्सचा गाभा असलेला कर्नल त्याला थेट सुरू करत नाही; प्रोग्रॅमच्या पोटात एका लोडरचा पत्ता लिहिलेला असतो, कर्नल आधी तो लोडर उघडतो आणि पुढील लायब्रऱ्या जमवण्याचे काम त्याच्यावर सोपवतो. हा लोडरच जागेवर नसेल तर कर्नल ‘फाइल नाही’ असे उत्तर देतो आणि शेल ते उत्तर आपल्या प्रोग्रॅमचे नाव पुढे लावून छापतो. आपल्या संगणकावर ‘रीडएल्फ’ ही आज्ञा ‘एल’ हा पर्याय देऊन त्या प्रोग्रॅमवर चालवा. ‘रिक्वेस्टिंग प्रोग्रॅम इंटरप्रिटर’ या ओळीत ‘एलडी-लिनक्स-आर्मएचएफ’ असा लोडर दिसेल. आपण पाठवलेल्या यादीत मात्र ‘एलडी-मसल-आर्मएचएफ’ आहे, म्हणजे पुरवठादाराची इमेज जीलिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीवर नव्हे, तर मसल या वेगळ्या सी लायब्ररीवर बांधलेली होती. प्रोसेसरच वेगळा असता तर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आला असता. हा फरक ध्यानात राहिला तर निम्मी शोधाशोध वाचते.

दुसऱ्या संदेशाचे मूळ ऑगस्ट २०२१ मध्ये आहे. त्या महिन्यात आलेल्या जीलिबसी २.३४ मध्ये थ्रेडची (एकाच प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्यांची) स्वतंत्र लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या मूळ फंक्शनलाही नवी आवृत्ती-खूण मिळाली. त्यामुळे २.३४ किंवा त्यापुढील जीलिबसीशी लिंक केलेला, नुसती एक ओळ छापणारा प्रोग्रॅमही जुन्या जीलिबसीवर उभा राहत नाही. उबुंटू २२.०४ मध्ये २.३५ आहे, डेबियन ११ मध्ये २.३१. जुन्यावर बांधलेले नव्यावर चालते, उलटे चालेलच असे नाही.

इथे एक मोह हमखास होतो, तो म्हणजे नवी लायब्ररी संगणकावरून उचलून बोर्डावर टाकण्याचा. मीही अंबडच्या एका कारखान्यात एकदा ते केले आहे. क्रॉस-टूलचेनसोबत (क्रॉस-कंपायलर आणि त्याच्या जोडीच्या साधनांसोबत) आलेली आर्मची नवी ‘लिबसी’ जुनीच्या जागी ठेवली, आणि पुढच्याच क्षणी ‘एलएस’ चालेना, ‘सीपी’ चालेना, जुनी फाइल परत आणण्यासाठी लागणारी एकही आज्ञा चालेना, कारण त्या सगळ्या त्याच लायब्ररीवर उभ्या होत्या आणि जुन्या लोडरचे नव्या लायब्ररीशी जुळत नव्हते. शेवटी मेमरी कार्ड काढून संगणकात घालावे लागले. आपल्या यंत्रात मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर तीही सोय नाही.

मी असे सुचवेन की संगणकावर डेबियन ११ चा एक कंटेनर (संगणकातच वेगळी ठेवलेली प्रणाली) करावा, त्यात डेबियनचाच आर्महार्डफ्लोट (‘आर्मएचएफ’) क्रॉस-कंपायलर बसवावा आणि बांधणी तिथेच करावी. बोर्डावरील फोल्डर नकलून सिसरूट (बोर्डाच्या लायब्रऱ्यांची संगणकावरील प्रत) तयार करण्याचा मार्गही योग्यच आहे, पण त्यात एक खाच आहे. नकललेल्या फोल्डरमधील काही सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणाऱ्या खुणा) मुळापासूनचा पूर्ण पत्ता धरून असतात. त्या संगणकावर आल्या की बोर्डाच्या लायब्रऱ्यांऐवजी संगणकाच्या लायब्रऱ्यांकडे बोट दाखवतात आणि लिंकर ‘फाइलचा प्रकार जुळत नाही’ अशी कुरकुर करतो. त्या सर्व लिंक आधी सापेक्ष करून घ्याव्या लागतात. कोणती लायब्ररी कुठे आहे हे कंपायलरला सांगणारे ‘पीकेजी-कॉन्फिग’ वापरत असाल तर त्यालाही सिसरूटचा पत्ता वेगळा सांगावा लागतो, नाहीतर ते निमूटपणे संगणकाच्याच हेडर फाइली देते. पुरवठादाराची मूळ इमेजच ठेवणे भाग असेल, तर बिल्डरूटसारख्या साधनाने मसलची टूलचेन तयार करून घ्यावी.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतच्या एका शीतगृहात आमचे नियंत्रक यंत्र बसवले आहे आणि त्यातील प्रोग्रॅम दोन-चार दिवसांनी अचानक बंद पडतो. गंगापूर रोडवरील कार्यालयातून जीडीबीसर्व्हरद्वारे (जीडीबी या डीबगरच्या बोर्डावर चालणाऱ्या भागाद्वारे) तो तपासण्याचा प्रयत्न करते. पहिल्यांदा ‘रिमोट जी पॅकेट रिप्लाय इज टू लाँग’ असा संदेश आला. दुसरा जीडीबी वापरल्यावर जोडणी झाली, पण लायब्रऱ्या वाचण्यातच कित्येक मिनिटे गेली, आणि ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) ठेवलेल्या ओळीऐवजी प्रोग्रॅम भलत्याच ओळीवर थांबला.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या तीन अडचणींची कारणे तीन आहेत, मात्र तिन्ही वेळा चूक संगणकाच्या बाजूला आहे, बोर्डाच्या नाही. ‘जी’ पॅकेट म्हणजे बोर्डाने पाठवलेली सर्व रजिस्टरांची (प्रोसेसरमधील तात्पुरत्या कप्प्यांची) मोळी. संगणकाचा मूळ जीडीबी स्वतःच्याच प्रोसेसरची रजिस्टरे गृहीत धरतो, म्हणून आर्मची मोळी त्याला मापात बसत नाही. टूलचेनमधील जीडीबी किंवा ‘जीडीबी-मल्टिआर्क’ घ्यावा आणि जोडणी करण्यापूर्वी त्याला प्रोग्रॅमची फाइल दाखवावी.

मंदगतीचे कारण असे की जीडीबी ७.१० पासून, वेगळे सांगितले नाही तर, जीडीबी सर्व लायब्रऱ्या बोर्डावरूनच ओढतो. कार्यालयातल्या केबलवर हे जाणवत नाही, मोबाइलच्या इंटरनेटवर जाणवते. बोर्डावर आहेत त्याच लायब्रऱ्यांची प्रत संगणकावर ठेवून ‘सेट सिसरूट’ने तिचा पत्ता द्या. मात्र प्रत तंतोतंत तीच हवी. मिळतीजुळती चालत नाही.

भलत्या ओळीवर थांबण्यामागे बहुधा हेच असते की बोर्डावरील प्रोग्रॅम कालच्या बांधणीचा आणि संगणकावरील आजच्या बांधणीचा असतो. दोन्ही फाइलींवर ‘रीडएल्फ’ ‘एन’ पर्यायाने चालवून ‘बिल्ड आयडी’ (बांधणीचा ओळखक्रमांक) ताडून पाहा. बोर्डावर जाणारी प्रत खुशाल स्ट्रिप करावी (म्हणजे तिच्यातील डीबगची माहिती काढून टाकावी), परंतु डीबगची माहिती असलेली मूळ प्रत प्रत्येक बांधणीगणिक जपून ठेवावी. आयडी जुळूनही ओळी उड्या मारत असतील, तर कंपायलरच्या ‘ओ२’ या ऑप्टिमायझेशन पातळीऐवजी डीबगसाठीच्या ‘ओजी’ पातळीवर बांधून पाहावे.

आता आपण न विचारलेल्या दोन गोष्टी. जीडीबीसर्व्हर जोडणाऱ्याची कसलीही ओळख विचारत नाही. ज्याला त्याचे पोर्ट सापडले त्याला त्या यंत्रावर हवा तो कोड चालवता येतो. म्हणून त्याचे पोर्ट बोर्डावरील फायरवॉलने बाहेरून बंद ठेवावे आणि त्याच्यापर्यंत एसएसएचच्या (सांकेतिक जोडणीच्या) बोगद्यातूनच पोहोचावे. दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. ब्रेकपॉइंट लागला की प्रोग्रॅमचे सर्व थ्रेड थांबतात, पण कॉम्प्रेसरचा रिले त्या क्षणी जसा होता तसाच राहतो. आपण इकडे व्हेरिएबल न्याहाळत असताना तिकडे कॉम्प्रेसर चालूच राहिला, तर शून्याच्या आसपास ठेवलेली द्राक्षे गोठू शकतात, आणि बागाईतदाराला त्या नुकसानीचे कारण डीबगर होते हे पटवून देणे अवघड आहे. चालू शीतगृहावर ब्रेकपॉइंट ठेवूच नये. त्याऐवजी ‘यूलिमिट’ची कोअर फाइलवरील (प्रोग्रॅम कोसळतानाच्या मेमरीच्या प्रतीवरील) मर्यादा काढून ठेवा, प्रोग्रॅम कोसळला की त्याची कोअर फाइल मागवा आणि आपल्या टेबलावर, त्याच बांधणीची मूळ प्रत आणि तोच सिसरूट देऊन उघडा. दोन-चार दिवस वाट पाहून पकडायच्या दोषाला हीच पद्धत सोसते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलर चिपच्या बोर्डावर एक प्रोग्रॅम टाकला, तो चालतोही. पण त्यानंतर ओपनओसीडी (संगणकावरून चिपमध्ये प्रोग्रॅम टाकणारा व तपासणारा प्रोग्रॅम) त्या चिपला जोडलाच जात नाही. चिप जळाली असेल का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : चालणारी चिप जळालेली नसते. डीबगच्या ‘ए १३’ आणि ‘ए १४’ या दोन पिना प्रोग्रॅमने साध्या पिना म्हणून वापरायला घेतल्या असणार. कोड तयार करून देणाऱ्या साधनात डीबगचा पर्याय बंद राहिला तरी हेच होते. प्रोग्रॅम सुरू होताच दार लावून घेतो, तेव्हा तो सुरू होण्यापूर्वी आत शिरायला हवे. रीसेटची तारही एसटी-लिंकला (संगणक आणि चिप जोडणाऱ्या उपकरणाला) जोडून, रीसेट दाबलेल्या अवस्थेत जोडणी करण्याचा पर्याय ओपनओसीडीला द्या. स्वस्तातल्या एसटी-लिंकची रीसेट पिन पुष्कळदा या चिपसाठी काम करत नाही. तसे असल्यास ‘बूट ०’चा जंपर १ वर ठेवून बोर्ड रीसेट करा, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमऐवजी चिपमधील मूळ बूटलोडर सुरू होईल आणि फ्लॅश पुसता येईल. दुरुस्त प्रोग्रॅम टाकल्यावर जंपर परत ० वर आणायला विसरू नका, नाहीतर ‘आता प्रोग्रॅमच चालत नाही’ असे आपले पुढचे पत्र येईल.