सेकंड हँड बाइकच्या चेसिस नंबरवरून काय कळतं?

आरसीवरचा १७ अक्षरी चेसिस नंबर म्हणजेच व्हीआयएन. पहिली तीन अक्षरं कंपनीची: एमबीएल हिरो, एमडी२ बजाज, एमई३ रॉयल एनफिल्ड. दहावं अक्षर बहुधा वर्षाचं, एल २०२०, एम २०२१. आय, ओ, क्यू ही अक्षरं त्यात नसतातच, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. तेव्हा ‘ओ’ वाटला तर तो शून्यच.

पण खरी तपासणी गाडीवर करा. हँडल पूर्ण वळवा, हँडलखालच्या फ्रेमच्या नळीवरची धूळ-ग्रीस पुसा, कागद ठेवून पेन्सिल घासा. छाप उमटते ती आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. तिथे घासल्याच्या खुणा किंवा वेगळाच रंग दिसला, तर कृपा करून टोकनसुद्धा देऊ नका. इंजिन नंबर वेगळा असतो, तोही जुळवा.