वाचकांचे प्रश्न : अमेरिकी रेडिओवर राजकारण, कर आणि नटमंडळींचा काला

प्रश्न : मुलीकडे लॉस एंजेलिसजवळ काही महिने राहून नुकताच परतलो. जावई कामावर जाता-येता मोटारीत एएम रेडिओ लावत असत. एकाच तासात निवेदकाने गव्हर्नरची हजेरी घेतली, घरपट्टीवर आगपाखड केली, स्वतःच्या गुडघेदुखीचे रसभरित वर्णन केले आणि शेवटी एका अभिनेत्रीच्या घटस्फोटावर घसरला. मधूनमधून श्रोत्यांचे फोन येत होतेच. ही बातमी म्हणायची, भाषण म्हणायचे की करमणूक? आणि हे चार विषय एकत्र येतात तरी कसे? (निवृत्त बँक कर्मचारी, सातारा)

उत्तर : धंद्याच्या हिशेबाने ती करमणूकच आहे. तिचा परिणाम मात्र पुष्कळदा भाषणापेक्षा खोलवर होतो. सत्तरच्या दशकात संगीत हळूहळू एफएमवर गेले, कारण तिथे आवाज स्वच्छ ऐकू येतो. एएम केंद्रांकडे लांबचा पल्ला होता, पण वाजवायला काही उरले नव्हते. माणसाच्या बोलण्याला उच्च दर्जाच्या ध्वनीची गरज नसते, त्यामुळे ही रिकामी जागा गप्पांनी भरली. त्यापूर्वी, १९४९ पासून, अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाचा एक दंडक होता : सार्वजनिक वादाच्या विषयांना प्रसारकांनी वेळ द्यावा आणि विरुद्ध बाजूही ऐकवावी. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो वैध ठरवला होता. १९८७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, त्याला कायद्याचे रूप देणारे विधेयक संमत केले, परंतु अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी जूनमध्ये त्यावर नकाराधिकार वापरला आणि ऑगस्टमध्ये आयोगानेच तो दंडक मोडीत काढला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८८ मध्ये, उजव्या विचारांचे निवेदक रश लिंबॉ यांचा देशभर ऐकू येणारा कार्यक्रम सुरू झाला.

एवढ्यावरून तो दंडक गेला म्हणून हा प्रकार जन्मला असे सरसकट सांगितले जाते, ते मला अर्धेच पटते. लॉस एंजेलिसमध्ये गप्पांची केंद्रे त्याच्या कितीतरी आधीपासून होती. उपग्रहामुळे एका शहरातला आवाज शेकडो केंद्रांना स्वस्तात मिळू लागला, आणि लहान केंद्रांनी त्याच्या मोबदल्यात रोख रकमेऐवजी जाहिरातींचा वेळ देण्याची पद्धत रूढ झाली, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. गावातल्या केंद्रचालकाला खिशात हात न घालता रोजचे तीन तास भरून मिळत. लिंबॉ पुढे सहाशेहून अधिक केंद्रांवर ऐकू येऊ लागले ते याच व्यवस्थेमुळे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. निवेदकाला रोज तीन-चार तास, जवळजवळ संहितेशिवाय, बोलत राहायचे असते, आणि ऐकणारा माणूस गाडी चालवत असतो. तो मधेच येतो, मधेच ऑफिसच्या दारात उतरतो. त्याने पहिला अर्धा तास ऐकला नसला तरी पुढचे वाक्य त्याला कळले पाहिजे आणि त्यावर आपलेही काही म्हणणे आहे असे वाटले पाहिजे. पूर्वतयारीशिवाय कोणालाही बोलता येईल असे विषय शोधू लागलो तर यादी फारच आखूड निघते. कराचे बिल प्रत्येकाला येते, वय प्रत्येकाचे वाढते, नटनट्या सर्वांच्या ओळखीच्या असतात, आणि या तिन्हींचा जाब ज्याला विचारायचा तो राजकारणी असतो.

फोनही वाटतात तितके आपसूक येत नाहीत. प्रत्येक फोन आधी एक सहायक घेतो, फोन करणाऱ्याचे नाव, गाव आणि त्याचे म्हणणे दोन-तीन शब्दांत टाइप करतो, आणि ती रांग निवेदकाला समोरच्या पडद्यावर दिसते. कोणाला आधी घ्यायचे हे निवेदक त्यावरून ठरवतो. रांगेत पहिला असलेला माणूस पहिला बोलेलच असे नाही, ज्याच्याशी खटका उडेल तो पुढे सरकतो. प्रक्षेपण काही सेकंद उशिराने जाते, म्हणजे एखादी शिवी निसटली तर बटण दाबून ती गाळता येते. “ऐकतो बरीच वर्षे, फोन मात्र पहिल्यांदाच करतोय,” हे तिथल्या फोनवाल्यांचे ठरलेले पहिले वाक्य आपणही ऐकले असेल.

आपण कॅलिफोर्नियात होतात हे बरे झाले, कारण या काल्याची सर्वांत चांगली उदाहरणे तिथलीच आहेत. सत्तरच्या दशकात तिथे घरांच्या किमती भराभर वाढल्या, त्यांच्याबरोबर घरपट्टी वाढली, आणि आयुष्यभराच्या कमाईतून घर बांधलेल्या निवृत्त माणसांना त्याच घरावरचा कर परवडेना. हॉवर्ड जार्विस नावाच्या सत्तरी उलटलेल्या गृहस्थांनी ही तक्रार हाती घेतली. जून १९७८ मध्ये ‘प्रपोझिशन १३’, म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला घरपट्टीविषयीचा प्रस्ताव, सुमारे ६५ टक्के मतांनी मंजूर झाला. घरपट्टी मूल्याच्या एक टक्क्यावर रोखली गेली, आणि घराचा मालक बदलेपर्यंत ते मूल्य वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढवता येईल असे ठरले. परिणामी एकाच गल्लीतल्या दोन सारख्या घरांपैकी जुना रहिवासी नव्याच्या मानाने कितीतरी कमी कर भरतो. करविरोधाने जार्विस इतके प्रसिद्ध झाले की १९८० च्या एका विनोदी चित्रपटात त्यांना छोटी भूमिका मिळाली : मीटर चालू ठेवून चालक निघून गेलेल्या टॅक्सीत ताटकळत बसलेला प्रवासी!

दुसरे उदाहरण २००३ चे. गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांच्या कारकिर्दीत वीजटंचाई झाली, अंदाजपत्रकात मोठे भगदाड पडले, आणि त्यातच मोटारीवरचे वार्षिक शुल्क तिपटीने वाढले. मोटारीत बसून ऐकणाऱ्या श्रोत्याला मोटारीवरचा कर! लॉस एंजेलिसच्या केएफआय केंद्रावरच्या ‘जॉन अँड केन’ या जोडीसह राज्यातल्या अनेक निवेदकांनी डेव्हिस यांना परत बोलावण्याच्या, म्हणजे मुदतीआधीच मतदानाने पदावरून हटवण्याच्या, मागणीचा रोज घोशा लावला. सह्या जमल्या, निवडणूक लागली, आणि चित्रपटनट अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी आपली उमेदवारी जाहीर केली ती पत्रकार परिषदेत नव्हे, तर जे लेनो यांच्या रात्रीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात. मतपत्रिकेवर १३५ नावे होती.

त्याच ऑगस्टमध्ये घडलेला प्रसंग तर अशा कार्यक्रमासाठी मुद्दाम रचल्यासारखा आहे. श्वार्झनेगर यांचे आर्थिक सल्लागार झालेले अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे त्या वेळी ७३ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. ओमाहातल्या आपल्या पाच लाख डॉलरच्या घरावर आपण १४ हजारांहून अधिक डॉलर कर भरतो, आणि कॅलिफोर्नियातल्या ४० लाखांच्या घरावर जेमतेम सव्वादोन हजार, असे त्यांनी वृत्तपत्राला सांगून टाकले. मुद्दा चोख होता, पण ‘प्रपोझिशन १३’ला हात लावणे म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यात काठी घालणे. उमेदवाराने पत्रकारांसमोर हसत सांगितले की बफे यांनी पुन्हा हा विषय काढला तर त्यांना ५०० सिट-अप्स काढाव्या लागतील. हशा पिकला आणि विषय संपला. ऑक्टोबरच्या मतदानात डेव्हिस यांचे पद गेले आणि श्वार्झनेगर निवडून आले. नव्या गव्हर्नरने शपथ घेतली त्याच दिवशी मोटारीवरची वाढ रद्द केली. हे शुल्क शहरांना आणि परगण्यांना जात असल्यामुळे वर्षाला सुमारे ४ अब्ज डॉलरची तूट राज्याच्या डोक्यावर आली. पण तुटीवर फोन करायला कोण बसले आहे?

माझा आक्षेप आहे तो इथे. या कार्यक्रमांत राग खोटा नसतो, आकडेही पुष्कळदा खरे असतात. हिशेबाची दुसरी बाजू मात्र कंटाळवाणी असते म्हणून गाळली जाते.

प्रश्न : त्या कार्यक्रमांत वृद्ध नेत्यांच्या वयाची सर्रास टिंगल होते असे ऐकते. ज्येष्ठांना हे खटकत नाही का? (निवृत्त शिक्षिका, सांगली)

उत्तर : खटकत नाही असे नाही, पण टिंगल करणारा आणि ऐकणारा दोघेही बहुधा त्याच वयाच्या आसपास असतात. या केंद्रांचा श्रोतृवर्ग प्रौढ आणि वृद्ध आहे हे जाहिरातींवरूनच कळते : सोन्याची नाणी, राहत्या घरावर वृद्धांना मिळणारे कर्ज, थकलेल्या करातून सोडवणारे सल्लागार, आरोग्यविम्याच्या योजना. पुष्कळदा निवेदक स्वतःच जाहिरात वाचतो आणि गप्पा कुठे संपल्या, विक्री कुठे सुरू झाली हे पटकन कळत नाही.

वयाचा विनोद तिथल्या राजकारणात जुनाच आहे. रेगन तर तरुणपणी आयोवातल्या एका रेडिओ केंद्रावर क्रीडानिवेदक होते, मग चित्रपटात नट झाले, मग कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर. ऑक्टोबर १९८४ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, अध्यक्षपदाच्या वादविवादात त्यांना वयाविषयी विचारले गेले, तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा राजकीय फायदा आपण उठवणार नाही, असे त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितले. समोरचे वॉल्टर माँडेल त्या वेळी ५६ वर्षांचे होते, आणि तेही हसले. जुलै २०२४ मध्ये मात्र ८१ वर्षांच्या जो बायडेन यांना वयाच्याच प्रश्नावरून निवडणुकीतून माघार घ्यावी लागली, आणि पुढच्या जानेवारीत शपथ घेणारे डोनाल्ड ट्रम्प ७८ वर्षांचे होते. वयावर विनोद चालतो. निवृत्तिवेतनावर चालत नाही. १९८३ च्या कायद्याने सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेचे, पूर्ण लाभाचे वय ६५ वरून टप्प्याटप्प्याने ६७ वर नेले, आणि ते आणखी वाढवावे असे कोणी नुसते सुचवले तरी फोनच्या रांगा लागतात. त्या वेळी निवेदकही विनोद आवरता घेतो.

प्रश्न : आपल्या मराठी एफएमवर असे कार्यक्रम का नाहीत? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

उत्तर : परवान्याच्या अटींमुळे. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी प्रसारित करण्याची मुभा नाही. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवण्याची परवानगी दिली, आणि वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना यांना बातम्यांतून वगळले. म्हणजे उद्या पाणी येणार नाही हे सांगता येते, पण ते का येणार नाही यावर महापालिकेला धारेवर धरले की तो विषय चालू घडामोडींत जातो. मग निवेदकाच्या हाती चित्रपट, क्रिकेट आणि खड्ड्यांवरचे मोघम विनोद एवढेच उरते.

गप्पांची आवड मात्र आपल्याला नवी नाही. मुंबई आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावोजी घरबसल्या संसारातल्या आणि शहरातल्या अडचणींवर बोलत आणि महाराष्ट्र कान देऊन ऐकत असे. ती संहिता लिहिलेली होती आणि केंद्र सरकारी होते, तरी चिमटे बसत. आज पॉडकास्टला एफएम परवान्याच्या अटी लागू नाहीत, त्यामुळे मराठीत राजकारण, आयकर आणि सिनेमा एकाच बैठकीत चघळणारे कार्यक्रम निघू लागले आहेत. त्यांत अजून उणीव आहे ती थेट फोनची : निवेदकाला मध्येच अडवून “अहो, तुम्ही सांगताय ते आमच्या वॉर्डात तसे नाही,” असे म्हणणारा श्रोता तिथे नसतो. आपल्या महाविद्यालयात कम्युनिटी रेडिओ असेल तर बातम्यांचे बंधन त्यालाही आहे, पण फोन घ्यायला तिथे मनाई नाही. वसतिगृहाच्या मेसपासून सुरुवात करता येईल.